फांग देशुनची विधवा

फांग देशुन ज्या सकाळी मेला, त्या सकाळी तो आपल्याच घराच्या मागच्या खोलीत बसून पार्सलांवर पत्ते चिकटवत होता. आपण मेलो ही बातमी त्याला मोबाइलवर कळली.

पुढच्या अंगणात त्याची म्हातारी आई आणि बायको युनशिया चुलीपाशी बसल्या होत्या. म्हातारी भल्यामोठ्या लोखंडी तव्यावर मक्या-ज्वारीचं पीठ फिरवून खापरावरच्या मांड्यांसारख्या पातळ ज्येनबिंग पोळ्या काढत होती. युनशिया त्यातली एक उचलायची, कांद्याची पात आणि तिखट घालून गुंडाळायची आणि समोरच्या मोबाइलकडे बघत कचकन चावा घ्यायची. मोबाइलपलीकडे सगळ्या देशातून मिळून एकशे चाळीस माणसं हा सोहळा बघत होती. विकत घेणारं त्यात कुणी नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी लिहून विचारलं, "ताई, घरात दोघी बायकाच दिसता. तुमचे मालक कुठे असतात?"

आणि नेमकं त्याच वेळी युनशियाच्या डोळ्यात तिखट गेलं. डोळा चोळत, मान फिरवून ती गप्प बसली. मोबाइलवर ओळी धावायला लागल्या. "विचारू नका तिला." "विधवा आहे बिचारी." "इतक्या तरुणपणी! आणि सासूला टाकून गेली नाही. अशा सुना आता कुठे मिळतात?" कुणी दहा पाकिटं मागवली, कुणी वीस. अर्ध्या तासात महिन्याभराचा माल उठला.

मागच्या खोलीत देशुनच्या मोबाइलवर हे सगळं दिसत होतं. तो हातातली चिकटपट्टी तशीच टाकून धावत निघाला. आपण आहोत, धडधाकट आहोत, हे लोकांना सांगायला. अंगणाच्या दारापाशी आला आणि पाहतो तर युनशिया एका डोळ्याने त्याच्याकडे बघत होती आणि हात पाठीमागे नेऊन बोटं हलवत होती. मागे हो, मागे हो. देशुन मागे झाला. तो जो मागे झाला तो अडीच वर्षं मागेच राहिला.

यातली गंमत अशी, की नानगौ गावात ऑनलाइन विक्री आणली ती याच माणसाने. सोळा वर्षांपूर्वी तो सूजौच्या कारखान्यातून एक जुना कॉम्प्युटर पाठीवर बांधून गावी परतला. फोनची तार ओढून घेतली, आईच्या हातच्या ज्येनबिंगचे फोटो काढले आणि साइटवर दुकान थाटलं. गावाने त्याला वेड्यात काढलं. माल आधी पाठवायचा, गिऱ्हाइकाने तो हातात घेऊन "मिळाला" म्हणायचं आणि मग साइटकडे मधल्यामध्ये अडकलेले पैसे सुटायचे! गिऱ्हाईक कोण, काळं का गोरं, ठाऊक नाही. तिसरे आजोबा, म्हणजे गावातले सगळ्यांत वडीलधारे, बारशापासून मयतापर्यंत ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नाही ते, त्याच्या आईला येऊन म्हणाले, "सूनबाई, पोरगं कुठल्या तरी टोळीत सापडलंय. वेळेवर आवर घाल."

पहिली ऑर्डर हार्बिनहून आली. देशुन सतरा किलोमीटर सायकल मारून पार्सल टाकून आला. बारा दिवसांनी गिऱ्हाइकाने लिहिलं, "भुगा मिळाला. कोंबड्यांना घातला." त्या वाक्याने तो दोन दिवस जेवला नव्हता. मग म्हातारीनेच युक्ती काढली. पाण्याचा हबका मारायचा, मऊ झाली की चार घड्या घालायच्या, तेलकट कागदात बांधायचं. पुढचं पार्सल शाबूत गेलं. गिऱ्हाइकाला "लाडक्या" म्हणून हाक मारायची रीत तेव्हा साइटवर सगळीकडेच होती. देशुन दिवसाला पन्नास लाडक्यांना उत्तरं द्यायचा. सख्ख्या बायकोला त्याने उभ्या जन्मात तशी हाक मारली नव्हती, यावरून युनशियाने त्याला पुष्कळ टोमणे मारले.

पैसा दिसला तसं गाव हललं. ज्यांनी वेड्यात काढलं होतं तेच संध्याकाळी स्टूल घेऊन शिकायला यायला लागले. देशुनने कुणालाही नाही म्हटलं नाही. त्याच्या चुलतभावाने, देगुईने, तर त्याचेच फोटो उचलून स्वतःच्या दुकानात लावले आणि किंमत थोडी खाली ठेवली. मग दुसऱ्याने त्याहून खाली. पाच वर्षांत गावात साठ दुकानं झाली, कुरिअरच्या गाड्या दारात यायला लागल्या, शाळेच्या भिंतीवर "परगावी राबण्यापेक्षा घरी बसून विका" असं लाल अक्षरांत रंगवलं गेलं आणि नफा मात्र पिठात घातलेल्या मिठाएवढा उरला. पुढे महामारीत देश घरात कोंडला गेला. लोकांना बसल्या जागी माणसं बघायची चटक लागली. फोटो कुणी बघेना. विकणाऱ्याने जिवंत समोर बसून बोलायचं, हसायचं, रडायचं, तेव्हा कुठे पाकीट हलायचं. देशुन तीन तास मोबाइलपुढे खांबासारखा उभा राहिला आणि दोन पाकिटं विकून खाली बसला. त्यातलं एक देगुईने दयेपोटी घेतलं होतं. मग युनशिया बसली, म्हातारी बसली आणि तिखट डोळ्यात गेलं.

एकदा का माणूस मेला की त्याला पुष्कळ काम पडतं. दुकानाला येणाऱ्या निरोपांना उत्तरं द्यायचं काम पहिल्यापासून देशुनकडे होतं. ते तसंच राहिलं. फक्त आता तो युनशिया म्हणून लिहायचा, आपली विधवा म्हणून. "कशाने गेले हो?" लोक विचारायचे. पहिल्यांदा त्याने नुसतं "आजारी होते" लिहिलं. लोकांना तेवढ्याने समाधान होईना. मग त्याने स्वतःला यकृताचा आजार दिला. दवाखाना दिला. शेवटचे शब्द दिले, "आईला सांभाळ." ते लिहिताना त्याला रडू आलं, याची त्याला स्वतःचीच लाज वाटली.

या निरोपवाल्यांत एक होती चौथ्या मजल्यावरची मावशी. तिने स्वतःचं हेच नाव घेतलं होतं. श्यूजौ शहरात लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती एकटी राहायची. गुडघे गेलेले. भाजी, औषध, तांदूळ, सगळं पार्सलने दारात. मुलगा शेनजेनला. तो दर आठवड्याला काहीतरी मागवून तिच्या पत्त्यावर पाठवायचा. पाय शेकायचं यंत्र, पाठ चोळायचं यंत्र. स्वतः चार वर्षांत आला नव्हता. ती रोज लिहायची, "बाळ युनशिया, जेवलीस का? त्याची आठवण येते का गं?" आणि देशुन रोज उत्तर द्यायचा, "येते मावशी. पण आई आहे ना, तिच्याकडे बघून दिवस काढते." सगळ्या जगात या बाईइतकं कुणी त्याची रोज चौकशी करत नव्हतं. दुर्दैव एवढंच, की ती त्याच्या मरणाची चौकशी होती.

गिऱ्हाइकांना आता लाडकं म्हणायचे दिवस गेले होते. आता त्यांना "घरच्यांनो" म्हणायचं. आणि घरची माणसं शनिवार-रविवारी खरोखर घरी यायला लागली. गाडी काढून, फळं घेऊन, आजीला बघायला. गाडीचा आवाज आला की देशुन अंगणातल्या रताळ्यांच्या खड्ड्यात उतरायचा. माणूसभर खोल खड्डा, वर लाकडी झाकण, झाकणावर मक्याची कणसं पसरलेली. खाली ओल्या मातीचा वास आणि अंधार. वर लोक त्याच्या आईचे हात हातात घेऊन फोटो काढायचे आणि तो कोंब फुटलेली रताळी वेगळी करत बसायचा. बाजार बंद. लग्नकार्य बंद. न्हाव्याला घरी बोलवावं लागे. तोही आतल्या गोटातला, म्हणून जमायचं.

आतल्या गोटात सगळं गावच होतं. तुम्ही म्हणाल, एवढं मोठं सोंग कुणी कसं फोडलं नाही? फोडणार कोण? युनशियाच्या दुकानासाठी गावातल्या बावीस बायका तव्यावर बसत होत्या. तिसऱ्या आजोबांच्या दोन्ही सुना त्यात होत्या. देगुईने आपलं दुकान गुंडाळून वहिनीचा माल बांधायचं काम घेतलं होतं. शेजारच्या तालुक्यात एकाने अनाथ असल्याचं सोंग करून मध विकला होता. ते उघडकीला आलं तेव्हा साइटने दुकानाला कायमचं टाळं लावलं आणि तीन महिन्यांचा विकलेला माल त्याच्या दारात परत येऊन पडला. ती गोष्ट नानगौतल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती.

सुरुवातीला देशुन भांडायचा.

"सांग ना एकदा, की गैरसमज झाला म्हणून! तू तर तोंडाने काहीच म्हणाली नव्हतीस."

"तेव्हा नव्हते म्हणाले," युनशिया म्हणायची. "आता रोज तूच लिहितोयस ना? यकृत कुणी लिहिलं? मी? शेवटचे शब्द कुणी लिहिले?"

"मग मी काय जन्मभर खड्ड्यात राहू?"

"आणि मी काय हौसेने पांढरं नेसून बसते? मला लाल स्वेटर घालून चार वाजता बाजारात हिंडावंसं वाटत नाही? बारा बायका मला लग्नाची स्थळं सुचवतात, ठाऊक आहे? परवा एक दात नसलेला आला होता. म्हशी आहेत म्हणाला!"

यावर दोघंही हसायची. हसून झालं की जास्तच कोंडल्यासारखं व्हायचं.

म्हातारीने या सोंगात भाग घेतला तो एका अटीवर. अट तिने कुणाला सांगितली नव्हती, नुसती पाळली. कुणीही तिच्या मुलाच्या मरणाबद्दल काही विचारलं की ती बहिरी व्हायची. बाकी सगळं तिला ऐकू येई. पिठात पाणी जास्त झालं तर त्याचा आवाज सुद्धा. पण "आजी, मुलगा गेला तेव्हा..." एवढं कुणी म्हटलं की कानाला हात लावून "आं?" म्हणायची आणि तव्यावर पीठ फिरवायची. जिवंत पोराला तिने एकदाही मेला म्हटलं नाही.

अडीच वर्षं होत आली त्या शरदात ती अंथरुणाला खिळली. देशुन रोज दुपारी तिचे पाय चेपायचा. एका दुपारी तिने पाय ओढून घेतला आणि म्हणाली, "शुन, माझं ऐक. सोंगाबद्दल मी कधी तुला बोल लावला?"

"नाही, आई."

"लावणारही नाही. पोटासाठी केलंत. पण माझं कुंडं तू फोडायचंस. देगुईने नाही. देगुई चांगला आहे, पण तो माझ्या पोटचा नाही. दुसऱ्याच्या हाताने कुंडं फुटलं तर वर विचारतील, बाई, तुला पोरगा नव्हता? मग मी काय सांगू? खड्ड्यात आहे म्हणून सांगू?"

मातीचं कुंडं शवपेटीच्या डोक्याशी ठेवतात, तीन दिवस त्यात कागद जाळतात आणि पेटी उचलताना थोरला मुलगा ते विटेवर आपटून फोडतो. एका दणक्यात. आमच्या भागात मुलगा असण्याचा याहून मोठा पुरावा नाही. देशुन तर एकुलता एक. त्याने आईचा हात धरला आणि म्हणाला, "मीच फोडणार."

"बायकोला विचारून सांग," म्हातारी म्हणाली आणि हसली. तिला खोकला आला.

ती गेली नऊ नोव्हेंबरला. म्हणजे वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या ऑनलाइन विक्रीच्या दोन दिवस आधी. तिसऱ्या दिवशी माती द्यायची, म्हणजे नेमकी अकराला. आजी दिसेनाशी झाल्यावर मोबाइलवरच्या घरच्यांनी विचारून विचारून युनशियाला भंडावलं. शेवटी तिने खरं ते सांगितलं आणि मोबाइल बंद केला. मयताचं काही दाखवणार नाही म्हणाली. एवढी लाज तिने राखली, हे तिच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. पण पत्ता प्रत्येक पाकिटावर छापलेला होता. संध्याकाळपर्यंत चाळीस माणसांनी कळवलं, आम्ही येतोय. श्यूजौहून तर एक आख्खी बस ठरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बैठक बसली. तिसरे आजोबा, देगुई, युनशिया आणि देशुन.

"कुंडं मी फोडणार," देशुनने बसायच्या आधीच सांगून टाकलं.

 तिसऱ्या आजोबांनी चिलीम काढली, परत ठेवली.

"दादा, चाळीस मोबाइल असतील," देगुई म्हणाला. "तू कुंडं उचललंस की अर्ध्या तासात सगळ्या देशाला दिसेल. बावीस घरांचं काय?"

"बावीस घरांना विकायला मी शिकवलं. ती घरं एक दिवस गप्प बसू शकत नाहीत?"

"घरं गप्पच बसतील रे," तिसरे आजोबा म्हणाले. "घरांची भीती नाही. भीती पाहुण्यांची आहे."

युनशिया रडून रडून सुजली होती. सासूवर तिचा खरा जीव होता. ती खाली बघत म्हणाली, "तो खड्ड्यात नाही बसणार उद्या. आईची पेटी निघताना तो खड्ड्यात बसला तर मीच झाकण उघडून उडी टाकीन."

तेव्हा देगुईच्या डोक्यातून ती कल्पना निघाली. आमच्याकडे मयताला सनईवाले बोलावतात, आणि ऐपत असली तर त्यांच्याबरोबर एक रडणाराही आणतात. भाड्याचा. पांढरी वस्त्रं, डोक्यावरून नाकापर्यंत आलेली टोपी, गुडघ्यावर रांगत तो मयताच्या नावाने असा आक्रोश करतो की दगडाला पाझर फुटावा. "दादाला रडणारा करू," देगुई म्हणाला. "पेटीमागे चालेल, वाट्टेल तेवढा रडेल, आई म्हणून हाक मारेल. कुणाला संशय येणार नाही. कुंडं मी फोडतो. मनातल्या मनात तुझ्या वतीने."

"मनातल्या मनात!" देशुन म्हणाला. पण त्याच्यापुढे दुसरी वाट होती का? तिसरे आजोबा त्याच्याकडे बघत होते. त्या नजरेत हुकूमही होता आणि विनवणीही. "बरं," तो म्हणाला. युनशियाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या लवकर "बरं" म्हणणारा नवरा तिला माहीत नव्हता.

अकराला सकाळी थंडी मी म्हणत होती. गल्लीत एका बाजूला आगाऊ मागणीच्या पार्सलांच्या भिंती रचल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला माणसं. पाहुणे चाळीस म्हणता म्हणता शंभरावर गेले. अगदी पुढे पिवळ्या कोटात, दोघींच्या खांद्यावर हात टाकून एक थोराड बाई उभी होती. देशुनने टोपीखालून पाहिलं आणि ओळखलं. चौथ्या मजल्यावरची मावशी. चार जिने उतरून, दोनशे किलोमीटर बसमध्ये हाडं खिळखिळी करून ती त्याच्या आईला पोचवायला आली होती. तिचा फोटो त्याने रोज पाहिला होता. तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं.

सनई सुरू झाली. देशुनने सनईवाल्यांच्या मागे गुडघे टेकले. त्याला रडायला सांगितलं होतं आणि त्याला रडू येत नव्हतं. डोळे कोरडे ठणठणीत. जवळचा सनईवाला हळूच म्हणाला, "अरे, सुरू कर की! नवीन आहेस का?"

समोर देगुईने कुंडं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं. तिसरे आजोबा पेटीजवळ उभे होते. त्यांनी खांदेकऱ्यांना खूण केली, घसा साफ केला आणि हाळी घातली. त्या हाळीबरोबर देशुन उठला. तो धावला असंही म्हणता येणार नाही. माणूस आपल्याच घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो तसा तो चालत गेला, देगुईच्या हातातून कुंडं काढून घेतलं आणि विटेवर आपटलं.

एका दणक्यात फुटलं. राख उडून पेटीवर बसली.

सनई थांबली. देशुनने टोपी मागे ढकलली. आता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. तो पेटीला कवटाळून ओरडला, "आई! मी फोडलं गं! तुझ्या पोराने फोडलं! मी आहे, आई, तुझा शुन आहे! मी मेलो नाही!" आणि मग लोकांकडे तोंड करून, छाती बडवत, "मी तिचा मुलगा आहे! खरंच आहे! मी मेलेलो नाही!"

 युनशियाने दोन्ही हात तोंडावर धरले होते. देगुईचे रिकामे हात अजून वरच होते. शंभर मोबाइल देशुनच्या तोंडावर रोखलेले.

मग पाहुण्यांतून कुणीतरी हुंदका दिला. एकीने दिला, दुसरीने दिला, आणि बघता बघता सगळी गल्ली रडायला लागली. "काय माणूस आहे!" "मुलाच्या वतीने बोलतोय." "अंगावर काटा आला बाई." "कुठून आणला हो याला? मी इतक्या मयतांना गेलो, असा रडणारा नाही बघितला." मागून एकाने टाळी वाजवली. दुसऱ्याने त्याला दटावलं, पण तोही मोबाइल खाली घेत नव्हता.

देशुन थिजला. "नाही हो," तो म्हणाला. "मी भाड्याचा नाही. मी खरा आहे." त्यावर एक बाई इतकी मोठ्याने रडली की तिला धरून बाजूला न्यावं लागलं.

तो गावाकडे वळला. बावीस तव्यांच्या बावीस बायका भिंतीशी उभ्या होत्या, त्यांचे नवरे, त्यांचे सासरे. त्यातल्या प्रत्येकाला त्याने कॉम्प्युटरवर बोट ठेवायला शिकवलं होतं. "सांगा ना यांना!" तो म्हणाला. "आजोबा, तुम्ही सांगा. मी जन्मलो तेव्हा माझं नाव तुम्ही ठेवलंत. सांगा, मी कोण आहे!"

तिसऱ्या आजोबांचे ओठ हलले. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या आपल्या सुनांकडे पाहिलं. मग पार्सलांच्या रचलेल्या भिंतीकडे पाहिलं. 

"चला," ते म्हणाले, "पेटी उचला. उशीर होतोय."

पेटी उठली. सनई पुन्हा लागली. पुढे मयताचं कागदी निशाण घेऊन देगुई निघाला, त्याच्यामागे दोन बायकांनी दंडाला धरलेली युनशिया. तिने मागे वळून पाहिलं आणि तोंड उघडलं, पण त्या बायकांनी तिला पुढे नेलं. देशुन तिथेच राहिला. राखेत, फुटक्या खापऱ्यांत. गर्दी त्याला वळसा घालून आईच्या मागे चालली होती.

पिवळा कोट त्याच्यापाशी थांबला. मावशीने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिचे हात उबदार होते.

"बाळा, कुठल्या गावचा तू?"

"इथलाच."

"असं कुणी रडत नाही रे आता. माझा मुलगा खोकीच्या खोकी पाठवतो. परवा गुडघ्याचं यंत्र आलं. अजून खोकं फोडलं नाही मी." तिने त्याचे हात आणखी घट्ट धरले. "माझ्या वेळी येशील का रे? पैसे आत्ताच देऊन ठेवीन हवं तर. मला आई म्हणून एक हाक मार, एवढंच. नाव काय तुझं?"

देशुनला वाटलं, हिला तरी. हिला मी रोज लिहीत होतो.

"फांग देशुन," तो म्हणाला.

मावशीने त्याचे हात सोडले. तिने त्याचा चेहरा नीट निरखला, डोळ्यांत पाणी आणून हसली आणि त्याच्या गालावर हळूच थोपटलं.

"हुशार आहेस हो. नावसुद्धा पाठ करून आलास," ती म्हणाली. मग त्याच्या कानाशी वाकली. "पण बाळा, युनशियासमोर नको हं घेऊस ते नाव. तिला सोसायचं नाही."

देशुनने मान हलवली. टोपी पुढे ओढली आणि मिरवणुकीच्या शेवटी जाऊन सनईवाल्यांच्या मागे चालायला लागला.